बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन नीट चालत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस लागला की एक्झॉस्ट फॅनच्या तक्रारी वाढतात. मार्च ते जून मराठवाड्यात हवा इतकी कोरडी असते की बाथरूमची फरशी आपोआप वाळते आणि पंख्याचं बटण कुणी दाबत नाही. तीन-चार महिने पंखा बंद राहतो, त्यावर धूळ बसते, आतलं ग्रीस सुकतं. मग जुलैत भिंतीला बुरशी दिसते, आपण बटण दाबतो, आणि पंखा नुसता गुणगुणतो नाहीतर खडखडतो. लोक जे प्रश्न नेहमी विचारतात ते खाली घेतले आहेत. बिघाड शोधताना आधी हवेची वाट पाहा, मग पंखा आणि शेवटी वायरिंग. खराब म्हणून काढून टाकलेल्या पुष्कळ पंख्यांत बिघाड नसतोच, हवेची वाट बंद असते.

स्वतः हात लावण्याआधी काय काळजी घ्यायची?

मेन बोर्डातली एमसीबी (लाइन तोडणारा खटका) पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत कधीकधी बटण न्यूट्रलच्या वायरवर बसवलेलं सापडतं. तसं असेल तर बटण बंद असतानाही पंख्यापर्यंत करंट असतो. टेस्टर आधी एखाद्या चालू सॉकेटवर लावून तो पेटतो याची खात्री करा, मग पंख्याच्या वायरींना लावा. पायात रबरी चप्पल हवी, फरशी पुसलेली हवी, हात कोरडे हवेत.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बाथरूममध्ये पाण्याचा ड्रम असतोच, आणि पंखा बरोबर त्याच्या वर असतो. ड्रमच्या झाकणावर चढून पंखा काढू नका. झाकण वाकतं, पाय सटकतो, आणि आधाराला हात जातो तो थेट वायरीकडे. ड्रम बाजूला सारा आणि घोडा किंवा शिडी लावा. शिडी धरायला घरातलं एक मोठं माणूस उभं राहू द्या.

पंखा जोरात फिरतो, पण वाफ आणि वास जात नाही. मोटार कमजोर झाली का?

बहुधा नाही. वर्तमानपत्राचा तळहाताएवढा तुकडा घ्या आणि पंखा चालू असताना जाळीजवळ धरा. कागद जाळीला चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय. गळून पडला तर दार थोडं उघडा आणि पुन्हा धरा. आता चिकटला? मग पंखा ठणठणीत आहे, त्याला ओढायला हवाच मिळत नव्हती. खोलीत जेवढी हवा येईल तेवढीच बाहेर जाईल. दार घट्ट लावलं, खाली फट नाही, खिडकी बंद, अशा खोलीत कितीही मोठा पंखा लावा, तो जागच्या जागी हवा घुसळत बसतो.

दुसरं कारण याच्या उलट आहे आणि ते सहज लक्षात येत नाही. आपल्याकडे बाथरूमला काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी असते. त्यातल्या वरच्या दोन-तीन पट्ट्या काढून तिथे पंखा बसवतात आणि खालच्या पट्ट्या ‘हवा खेळावी’ म्हणून उघड्या ठेवतात. पंखा मग त्या खालच्या फटीतूनच बाहेरची हवा ओढतो आणि वीतभर अंतरावर ती पुन्हा बाहेर फेकतो. खाली बादलीजवळची वाफ जागेवरून हलतही नाही. उदबत्ती पेटवून त्या पट्ट्यांजवळ धरा. धूर वर वळून थेट पंख्यात जाताना दिसेल. पंखा चालू असताना खालच्या पट्ट्या बंद ठेवा आणि हवा दाराच्या बाजूने येऊ द्या, म्हणजे ती सगळी खोली ओलांडून पंख्यापर्यंत जाईल.

तिसरं, बाहेरचं शटर. पंखा चालू असताना बाहेर जाऊन वर बघा. प्लास्टिकच्या पट्ट्या पूर्ण उचलल्या जातात का? रंगकाम करताना त्यांवर रंग बसून त्या चिकटतात, कोळी जाळं विणतो, कुंभारमाशी मातीचं घर बांधते. लातूरला डाळमिलच्या आसपास किंवा परभणीत जिनिंगच्या बाजूला राहणाऱ्यांच्या शटरवर भुसा आणि कापसाची रुई बसते. तिथे वर्षातून एकदा साफसफाई पुरत नाही.

दाराखाली फट ठेवली तर पाणी बाहेर येणार नाही का?

बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा खाली असते आणि मध्ये उंबरठ्याची पट्टी असते. फट या पट्टीच्या वर ठेवायची, साधारण २ सेंटिमीटर. पाणी तिथवर चढत नाही. फायबरच्या किंवा पीव्हीसीच्या दाराला खालच्या भागात जाळीची झडप बसवून मिळते, तीही चालते. फटीसमोर पायपुसणं गुंडाळून ठेवायची सवय मात्र सोडा.

बटण दाबल्यावर पंखा गुणगुणतो, फिरत नाही. काय झालं असेल?

लगेच बटण बंद करा. अडकलेल्या मोटारीला करंट मिळत राहिला तर ती तापते आणि कॉइल जळते. एमसीबी पाडून पातं हाताने फिरवा. जड वाटलं, मध्येच अडकलं, तर बेअरिंग किंवा बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) जाम आहे. अगदी सहज फिरलं तर संशय कंडेन्सरवर घ्या.

कंडेन्सर म्हणजे मोटारीच्या शेजारची छोटी डबी. तिच्यावर एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा, म्हणजे क्षमतेचा) आकडा छापलेला असतो, पुष्कळ पंख्यांना २.५ लागतो. मोटारीला सुरुवातीचा झटका तोच देतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याची ताकद उतरते, आणि आपल्याकडे मे महिन्यात भिंतच इतकी तापते की तो लवकर उतरतो. मल्टिमीटरवर कंडेन्सर मोजायची सोय असेल तर मोजा. छापील आकड्यापेक्षा वाचन बरंच कमी आलं तर बदला. वस्तू स्वस्त आहे, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. जुना सोबत घेऊन जा आणि त्याच आकड्याचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा आणा. ‘मोठा टाका, स्पीड वाढेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जास्त एमएफडीने मोटार गरम होते.

काढताना त्याची दोन टोकं एकदम हातात धरू नका. लाइट बंद असली तरी कंडेन्सरमध्ये चार्ज राहू शकतो.

काही लहान स्वस्त पंख्यांना कंडेन्सर नसतोच. डबी दिसली नाही म्हणजे कुणी चोरली असं नव्हे, त्या मोटारीची रचनाच वेगळी असते.

काहीच हालचाल नाही, आवाजही नाही.

एमसीबी पडली आहे का, त्याच बोर्डावरचा दिवा लागतो का, हे पाहा. मग बटण. बाथरूमच्या दमट हवेत बटणातले कॉन्टॅक्ट काळे पडतात. त्यानंतर पंख्याजवळचा जोड. नुसत्या पिळून टेप लावलेल्या वायरी तिथे हिरव्या पडून तुटलेल्या सापडतात. असा जोड पुन्हा पिळू नका, कनेक्टर लावा.

पंख्यापर्यंत करंट येतोय आणि तरी पंखा मुका आहे, तर कॉइल तुटली असेल किंवा कॉइलमध्ये दडवलेला थर्मल फ्यूज उडाला असेल. मोटार भरणारे, म्हणजे जळलेली कॉइल नव्याने गुंडाळून देणारे, काही कारागीर तो फ्यूज काढून वायर थेट जोडून देतात. तसं करू देऊ नका. मोटार अडकून तापली तर आग लागू नये म्हणून तो ठेवलेला असतो.

आवाज फार येतो. ऐकून कारण कळतं का?

बऱ्याचदा कळतं. टकटक असा ठराविक ताल असेल तर पातं जाळीला किंवा कडेला लागतंय. स्क्रू ढिले झाले आहेत किंवा फ्रेम वाकली आहे. घरघर, आणि पंखा बंद केल्यावर थांबता थांबता ती खरखर जास्त ऐकू येत असेल, तर बेअरिंग गेलं. बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, तोच मागा. वारा सुटल्यावर पंखा बंद असतानाही फटफट होत असेल तर ते बाहेरचं शटर आहे. आणि भिंतच थरथरत असेल तर पात्यांवर धूळ कमी-जास्त बसून तोल गेलेला आहे. सगळी पाती एकाच वेळी पुसा. हात पोचतो तेवढी दोन पुसून बाकीची सोडली तर थरथर वाढते.

बुशच्या मोटारीला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. खोबरेल किंवा गोडेतेल घालू नका. ते काही दिवसांनी चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि पुढच्या पावसाळ्यात पंखा हमखास जाम होतो. सीलबंद बॉल बेअरिंगला वरून तेल घालून उपयोग नाही, ते बदलावंच लागतं.

साफ नक्की कसा करायचा?

जाळी काढून साबणाच्या कोमट पाण्यात टाका. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार बसले असतील तर व्हिनेगर किंवा लिंबू लावून थोडा वेळ ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. पात्याची पुढची कड नीट बघा. हवा कापणाऱ्या त्या धारेवरच धुळीचा राखाडी थर सगळ्यात जाड असतो. पातं त्यामुळे बोथट होतं आणि हवा कमी फेकतं. पात्यांना आधी कोरडा ब्रश आणि मग ओलसर फडकं. मोटारीवर पाणी मारायचं नाही, फवाराही नाही. सगळं पूर्ण वाळल्यावरच एमसीबी उचला.

संध्याकाळी पंखा हळू फिरतो, रात्री उशिरा नीट चालतो.

मग पंख्याकडे नका बघू, व्होल्टेज बघा. घरात २३० व्होल्टच्या आसपास यायला हवं. शेतवस्तीवर आणि गावाच्या टोकाला, शेतीपंपांच्या मोटारी सुरू झाल्या की ते बरंच उतरतं. ट्यूब फडफडते, फ्रिज नीट चालू होत नाही, ही त्याचीच खूण. मल्टिमीटरवर वेगवेगळ्या वेळी आकडे घ्या, वहीत लिहून ठेवा आणि महावितरणकडे तक्रार करा. १९१२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. आकडे हाताशी असले की तक्रारीला वजन येतं. पडलेल्या व्होल्टेजवर अर्धवट कंडेन्सरचा पंखा सुरूच होत नाही, म्हणून कंडेन्सरही एकदा तपासून घ्या.

इन्व्हर्टरवर टाकला की घुंऽऽ असा आवाज येतो. बिघाड आहे का?

साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कुठलाही पंखा असा आवाज करतो आणि जास्त तापतो. मेन लाइटवर तो शांत चालत असेल तर पंख्यात दोष नाही. लाइट गेल्यावर एक्झॉस्ट चालवायची फारशी गरज नसते. त्याची वायर इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून घेतलेली बरी.

रेग्युलेटर लावून आवाज कमी करता येईल का?

लावू नका. कमी वेगावर हा पंखा सुरू व्हायलाच अडतो, आणि शटर पूर्ण उघडण्याइतका जोर राहत नाही.

दुरुस्तीहून आल्यावर हवा आत फेकायला लागला.

कंडेन्सरची वायर कॉइलच्या चुकीच्या टोकाला जोडली गेली की मोटार उलटी फिरते.  दुकानदार ते जागच्या जागी नीट करून देतो. घरी बसवण्याआधी दुकानातच चालवून, कागद धरून बघा.

पंखा लावला की आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा खटका) पडते. ती काढून टाकली तर चालेल का?

नाही, कदापि नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पडते याचा अर्थ करंट कुठेतरी गळतोय, आणि ओल्या अंगाने माणूस तिथे उभा राहणार आहे. पावसाचं पाणी मोटारीत शिरलं असेल किंवा कॉइलचं इन्सुलेशन फाटलं असेल. पंखा उतरवा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि मोटार भरणाऱ्याकडून मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) तपासून घ्या. तिथे पास झाला तरच परत लावा. पंख्याची बॉडी धातूची असेल तर अर्थिंगची हिरवी वायर जोडलेली आहे का, हेही त्याच वेळी पाहा. ती कापून गुंडाळून ठेवलेली असते, असं फार घरांत दिसतं.

जाळीतून पाणी ठिबकतं.

पावसात ठिबकत असेल तर बाहेरच्या बाजूला वर छज्जा नाही किंवा भिंतीतल्या भोकाभोवतीची फट भरलेली नाही. सिलिकॉनने भरा, बाहेर टोपी बसवा. थंडीत, पाऊस नसताना ठिबकत असेल तर पाइपात वाफेचं पाणी होतंय. पाइपाचा उतार बाहेरच्या बाजूला करून घ्या.

वरच्या मजल्यावरचा वास आमच्या बाथरूममध्ये येतो. पंखा बदलू का?

छत्रपती संभाजीनगर, नांदेडकडच्या नव्या अपार्टमेंटमध्ये चार-सहा बाथरूमचे पंखे एकाच डक्टमध्ये सोडलेले असतात. दुसऱ्याचा पंखा चालू आणि तुमचा बंद असला की हवा तुमच्याकडे वळते. पंख्यामागे उलटी हवा अडवणारं शटर बसवा. डक्टचं वरचं तोंड गच्चीवर उघडं आहे का, हे सोसायटीने पाहायला हवं. पत्रे टाकून झाकलेल्या डक्टमध्ये कुणाचाच पंखा काम करत नाही. आणखी एक शक्यता घरातच असते. स्वयंपाकघरातली चिमणी जोरात चालू आणि खिडक्या बंद असतील तर ती बाथरूमच्या डक्टमधूनच हवा ओढते. खिडकी उघडून बघा, वास थांबला तर कारण सापडलं.

पंखा नीट आहे, हवेची वाटही आहे, तरी ओल जात नाही.

उघडा ड्रम बघा. आठवडाभराचं पाणी झाकणाविना बंद खोलीत असेल तर ओलावा चोवीस तास हवेत मिसळत राहतो, आणि डासांच्या अळ्या होतात त्या वेगळ्याच. घट्ट झाकण लावा. तरीही बुरशी एकाच जागी, भिंतीच्या खालच्या भागात परत परत येत असेल तर भिंतीतला पाइप गळतोय. तिथे प्लंबर लागेल, पंखा काही करू शकणार नाही.

बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. एक्झॉस्ट चालू ठेवला म्हणजे धोका नाही ना?

हा प्रश्न हिवाळ्यात येतो आणि या पानावरचं हे उत्तर सगळ्यांत जास्त महत्त्वाचं आहे. धोका असतो, आणि बंद खोलीत एक्झॉस्टमुळे तो वाढूही शकतो.

गॅस गिझरच्या ज्योतीला भरपूर हवा लागते. ती कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण त्यात वास मुद्दाम मिसळलेला असतो. म्हणून ‘गॅसचा वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक’ ही समजूत जिवावर बेतते. परभणीसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली जातो, लोक दार-खिडकी घट्ट लावून आंघोळीला बसतात. त्यात एक्झॉस्ट लावला की खोलीत आधीच तोकडी असलेली हवा तोही ओढतो. गिझरला धुराडं असेल तर त्यातून बाहेर जायचा धूर उलटा खोलीत येऊ शकतो.

उपाय एकच: गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा मोकळ्या भिंतीवर लावा आणि आत फक्त गरम पाण्याची पाइप आणा. सगळ्यांची आंघोळ होईपर्यंत लागोपाठ तासभर तो पेटवून ठेवू नका. आंघोळ करताना डोकं जड झालं, चक्कर आली, मळमळलं, तर कपड्यांचा विचार न करता दार उघडून बाहेर या. लेकरं आत असतील तर दाराला आतून कडी लावू देऊ नका. कुणी आत बेशुद्ध दिसलं तर त्याला उघड्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा.

रोज किती वेळ चालवायचा? बिल किती येईल?

आंघोळ सुरू करतानाच लावा आणि झाल्यावर १५-२० मिनिटं चालू ठेवा. ३० वॉटचा पंखा रोज एक तास चालला तर महिन्याला एक युनिटही होत नाही. उन्हाळ्यात गरज नसली तरी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं फिरवा, जाम होणार नाही.

मोटार भरून घ्यावी की नवाच घ्यावा?

आपल्याकडे तालुक्याच्या प्रत्येक गावात मोटार भरणारे आहेत, शेतीपंपांमुळे त्यांचा हात तयार असतो. ९ किंवा १२ इंची धातूचा पंखा असेल, कॉइल तांब्याची असेल, तर भरून घेणं परवडतं. ६ इंची प्लास्टिकच्या पंख्याची मजुरीच नव्याच्या जवळ जाते. तिथे कंडेन्सर आणि बेअरिंगपुरती दुरुस्ती करा, कॉइल जळली असेल तर नवा घ्या.

नवा घेताना खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा फेकतो हा आकडा वाचा. ५ बाय ७ फुटांच्या, ९ फूट उंच बाथरूममध्ये साधारण ९ घनमीटर हवा असते. तासाला दहा वेळा ती बदलायची तर ९० घनमीटर लागतात. बहुतेक ६ इंची पंख्यांवर याहून बराच मोठा आकडा असतो, त्यामुळे दुकानदाराच्या आग्रहाने १२ इंची घ्यायची गरज नाही. लांब पाइप किंवा वळण असेल तर आकडा बराच उतरतो, तेवढी मोकळीक ठेवा. आयएसआय मार्क, बॉल बेअरिंग आणि मागे शटर या तीन गोष्टी बघा. दुकानात जाताना भिंतीतल्या भोकाचं माप घेऊन जा, कारण ६ इंची म्हणतात तो पात्यांचा व्यास असतो, भोक त्याहून मोठं लागतं.